पाखरं गेली की या

अहो वहिनी, जरा इकडं या ना कुंपणापाशी. काम काही नाही हो, हे हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेय, हात गुंतलेत पण तोंड रिकामं आहे. ऐकलंत का? पाटलीणबाईंनी निरोप धाडलाय. कुणाकडं म्हणून काय विचारता! त्या गाईड पोराच्या घरी. हो हो, तोच. पाखरं मोजणारा. आपणहून! म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोच्या तोंडून, पण निरोप तो निरोप.

बघा, तोंड उघडंच राहिलं ना तुमचं? माझंही तसंच झालं. हातातला घाटा खाली पडला, कोंबडीनं नेला, तरी मला पत्ता नाही.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जाऊन बसलात आणि इथं तेवढ्यात सगळं रामायण घडून गेलं. बाळ बरंय ना? कुणावर गेलंय? आजोबांवर? असू दे, नाक सुधारतं पुढं. तर काय सांगत होते...

दोन वर्षांमागचं आठवतंय का, हळद फोडायला बसलो होतो आपण सगळ्या, तेव्हा याच पोराचा विषय निघाला होता. कुणीतरी सहज म्हणालं, पाटलांच्या पोरीला शोभेल, दिसायला बरा, डिप्लोमा झालेला. तर पाटलीणबाई मुसळ थांबवून काय म्हणाल्या? "पाखरं मोजणाऱ्याला मुलगी देऊ? उद्या नातवंडं झाली तर त्यांनाही मोजून वहीत लिहून ठेवील." केवढ्या हसलो आपण. मीही हसले, खोटं कशाला बोलू? आणि त्याची आई तिथंच कोपऱ्यात सूप घेऊन पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. नुसता पाखडण्याचा आवाज वाढला.

पोराचं तरी काय चुकलं हो? नाशकात कंपनीत लागला होता, कॉन्ट्रॅक्टवर. अकरा महिने झाले की ब्रेक, पुन्हा अकरा महिने, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या ब्रेकला घरी आला तो परत गेलाच नाही. अभयारण्यात गाईडचं ट्रेनिंग होतं, तिथं जाऊन बसला. आधी गळ्यात दुर्बीण आली, मग टेलिस्कोप आला. तिकाटण्यावरचा तो नळा खांद्यावर टाकून पहाटे साडेपाचला निघायचा, तेही आपल्या निफाडच्या थंडीत. कुंदेवाडीला पारा पाचाच्या खाली उतरलेला, माणसं द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलेली, आणि हा चालला पाण्याकडं. आमचे हे म्हणायचे, एवढ्या पहाटे तर चोरसुद्धा उठत नाही.

आणि नावं काय एकेक! आम्हाला आपली सगळी बदकं म्हणजे बदकं आणि बगळे म्हणजे बगळे. हा सांगायचा, काकू, तो थापट्या, चोच बघा कशी उलथन्यासारखी. तो शेकाट्या, गुलाबी काड्यांवर चालतोय. ही टिबुकली, आत्ता होती, बुडाली, आता बघा कुठं निघते. तो काळा, कपाळाला पांढरा टिळा, तो वारकरी. मी म्हटलं, अरे वारकरी आणि नदीत? तर म्हणे काकू, शेकड्यानं येतात, दिंडीच असते. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश आहे म्हणे त्याच्या उशाशी. आई सांगते, पोथीसारखा रोज एक पान वाचतो आणि वाचून झालं की फडक्यात बांधून ठेवतो.

पण गावाला काय त्याचं! गावाचा मुळातच या अभयारण्यावर राग. तुम्ही सून म्हणून आलात तेव्हा ते सगळं विझलं होतं, पण मी ऐकलंय सासऱ्यांच्या तोंडून. 1986 साली अभयारण्य झालं ना, तेव्हा गावोगाव हेच, की आता जमिनी गेल्या. विहीर खणायची तर परवानगी, झाड तोडायचं तर परवानगी. मासे धरणारे तर जास्तच बिथरले. पिढ्यान् पिढ्या जाळी टाकलेली माणसं ती, त्यांना एक दिवस कुणी येऊन सांगणार, इथं नको, पाखरं उठतात. रागवणार नाहीत तर काय! सासरे म्हणायचे, बंधारा बांधला इंग्रजांनी, कालव्यानं पाणी गेलं कोपरगावाकडं, गाळ राहिला आपल्याला आणि त्या गाळावर आली पाखरं. आपल्या वाट्याला काय? तर पावसाळ्यातला फुगवटा.

ते काही खोटं नाही हो. वर गंगापूर, दारणा भरली आणि तिकडून पाणी सुटलं की सायखेडा, चांदोरी... तुम्हाला सांगायला नको, तुमचं माहेरच तिकडचं. पण गाळाचीच तर सगळी करामत, हे मला त्या पोरानं सांगितलं तेव्हा कळलं. गोदावरी आणि कादवा, दोघी येताना माती घेऊन येतात. बंधाऱ्याला अडल्या की माती खाली बसते. शंभर वर्षांच्या वर ती बसत आली, त्याची बेटं झाली, बेटांवर गवत, पाणवनस्पती, आणि पाणी कसं, तर गुडघाभर. खोल पाण्यात पाय बुडणाऱ्याला काय मिळणार? इथं चोच घातली की तळ. आणि कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, त्या चिखलात ती बारकी बारकी तुतारी पाखरं शिलाई मशीनसारखी चोच चालवत बसतात. आपण ज्याला गाळ म्हणून नाकं मुरडतो ते त्यांचं ताट. अडीचशेच्या वर जाती होतात म्हणे मोजल्यावर. सलीम अली महाराष्ट्राचं भरतपूर म्हणून गेले ते काय उगीच?

आणि मग ते रामसर! अहो, ते ऐकलंत की नाही तुम्ही? 2020 च्या जानेवारीत पेपरात मोठं आलं, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा आपली. तर आमच्या मागच्या आळीतल्या आजी, ज्यांना सगळ्या गावात ऐकू कमी आणि बोलायला जास्त, त्या पारावर बसून सांगायला लागल्या, "रामसर नव्हं, रामशर." का, तर मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे ना आपल्या नांदूरमधमेश्वरला. रामानं मारीचाला बाण मारला तो इथंच, असं म्हणतात. शर म्हणजे बाण! आजींचं म्हणणं, सरकारला आत्ता कळलं, आम्हाला ठाऊकच होतं. त्या पोरानं बिचाऱ्यानं समजावलं, आजी, ते इराणमधलं गाव आहे, तिथं 1971 साली 2 फेब्रुवारीला काही देशांनी पाणथळ जागांचा करार केला, म्हणून त्या गावाचं नाव. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तिथंबी राम गेला असंल." आता बोला!

हं, तर त्याच 2 फेब्रुवारीची गोष्ट. पाणथळ दिवस. दर साली काही ना काही असतंच म्हणा. नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह झाला, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा शाळेतल्या पोरांना नेलं होतं मनोऱ्यावर. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणती. पण यंदा कुठल्याशा मंडळानं मनावर घेतलं. नाव नाही घेत मी, उगीच कशाला, त्यांतले दोघं आपल्याच ओळखीचे. त्यांची आयडिया अशी, की गावातल्या बायका कधी पाण्याकडं येत नाहीत, तर त्यांना आणायचं. कसं आणायचं? रथसप्तमी दोन दिवसांवर, हळदीकुंकवाचा सीझन, तर मनोऱ्याशेजारी हळदीकुंकूच ठेवायचं! आयडिया वाईट नव्हती हो. मला तर आवडली. लग्न होऊन तीस वर्षं झाली, घरापासून दोन किलोमीटर पाणी, आणि मी मनोऱ्यावर चढले नव्हते. चढून करायचं काय, शेणाच्या पाट्या थोड्याच टाकायच्या होत्या तिथं!

पण ग्रुपवर मेसेज काय आला, ऐका. "सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे." आता टाकणाऱ्यानं टाकला असेल सवयीनं. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी वाचला, अंगठा टाकला, भाजी फोडणीला टाकली.

जेवणाची ऑर्डर आपल्या बचत गटाला. दीडशे पानं. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, मठ्ठा, गोडाला गुळाची लापशी. त्यावरही केवढं झालं! सेक्रेटरीची बायको म्हणाली, थर्माकोलच्या प्लेटा आणू, धुवायला नको. तो पोरगा तिथंच उभा, म्हणाला काकू, अभयारण्याच्या दारात थर्माकोल? ती म्हणाली, मग तू धू. तो म्हणाला, धुतो. आणि खरंच धुतली हो त्यानं! देवळातली स्टीलची ताटं आणवली, दीडशे, आणि शेवटी बाह्या सारून हौदाशी बसला. ते मी पुढं सांगते.

तर गटात भाकऱ्या थापायला आम्ही आठ जणी. त्यांत त्याची आईही. ती नसली तर भाकरीला पदर सुटत नाही, हे तुम्हीही जाणता. पहाटेपासून तीन दगडांच्या चुलीपुढं. वर मांडव, खुर्च्या, पाटलीणबाई हिरव्या पैठणीत... हो, येवल्याचीच, चारदा सांगितलं त्यांनी. हातात चांदीचा करंडा. वाणाला यंदा कापडी पिशव्या, त्यावर पाखराचं चित्र. तेवढ्यात त्याची आई पाण्याची कळशी घेऊन मांडवाकडं वळली, तर पाटलीणबाई पटकन पुढं झाल्या. गोड आवाजात बरं का, एकदम तुपातला. "तुम्ही भाकरीचं बघा हो, वर गर्दी होते." बस, एवढंच. तिनं कळशी तिथंच ठेवली आणि मागं फिरली. बारा वर्षं झाली तिच्या नवऱ्याला जाऊन, तिला काय पाठ नाही कुठं थांबायचं ते!

मी बघितलं. बघून गप्प बसले. तेही सांगून टाकते तुम्हाला.

मग पाहुणे. दहाची वेळ, आले पावणेबाराला. आणि मंडळातल्या कुणाला तरी काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे, गाडी दिसल्याबरोबर फटाक्यांची माळ लावली! पाच हजारांची! मनोऱ्याच्या पायथ्याला!

वहिनी, काय सांगू तुम्हाला. आधी काही झालं नाही, एक श्वासभर. मग अख्खं पाणी वर उठलं. मला वाटलं बंधारा फुटला. हजारो पाखरं हो, एकदम, पंखांचा असा आवाज की माळेचा आवाज बुडाला. ऊन झाकलं गेलं. आणि आमची माणसं? टाळ्या! त्यांना वाटलं हा प्रोग्रामचाच भाग. पाहुणे तर हात जोडून वर बघतायत, जसं काही पुष्पवृष्टीच. फोटोवाल्याची धावपळ. मी सहज त्या पोराकडं बघितलं. तो टेलिस्कोपला हात लावून उभा, डोळे मिटलेले. पोराचा चेहरा असा झाला होता, जसा गारपिटीच्या रात्री यांचा झाला होता, बागेच्या बांधावर.

पुढची गंमत ऐका. भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, चला आता पक्षी दाखवा. चढले मनोऱ्यावर, मागं सगळी वरात. टेलिस्कोपला डोळा लावला. बघतायत, बघतायत. फिरवला. पुन्हा बघतायत. मग म्हणाले, "यात तर नुसतं पाणी दिसतंय. पक्षी कुठायत?"

कोणी बोलेना. मंडळाचे अध्यक्ष बुटाकडं बघायला लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं रांगेनं उभी होती, गळ्यात पुठ्ठ्याच्या दुर्बिणी. त्यातली एक चिमुरडी, दोन वेण्यांची, तिसरी-चौथीतली असेल, खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, फटाके लावले ना, मग ती कशी बसतील?" बाई तिला मागं ओढतायत तरी चालूच. "आम्हाला दादांनी सांगितलंय, इथं मोठ्यानं बोलायचंपण नाही. ती लांबून आलेली असतात. हिमालय ओलांडून."

अध्यक्षांचं तोंड असं उतरलं म्हणता! आणि पाहुणे तरी काय, हसले कसेनुसे, दुसरा कार्यक्रम आहे म्हणाले आणि लापशीसुद्धा न खाता गेले. दीडशेतली पन्नास-साठ माणसं गाडीमागं गेली. भाकऱ्या उरल्या ढीगभर. मला वाटलं, झालं, आटोपलं.

पण खरं तर तिथूनच सुरू झालं.

पोरगा काही रागावला नाही. माइकवाल्याला वायर काढायला लावली आणि उरलेल्या बायकांना म्हणाला, "जेवून घ्या. तासाभरात येतील." आम्ही जेवलो. गप्पा सुद्धा हळू, बरं का, त्या चिमुरडीनं ओठांवर बोट ठेवून दोनदा दटावलं आम्हाला! आणि मग एकेक यायला लागली. आधी टिबुकली, ती काय, लांब गेलीच नव्हती, बुडून बसली होती वाटतं गवतात. मग वारकरी. मग जांभळ्या पाणकोंबड्या, गवतातनं बाहेर, शेपटी उडवत, लग्नघरातल्या करवल्यांसारख्या मिरवत. मग लांबून एक थवा आला, वळला, पुन्हा वळला, जसं काही विचारतोय, संपला का तुमचा गोंधळ? आणि उतरला. पाणी फाटल्याचा आवाज आला नुसता. मला काही बोलायचंच सुचेना. मला! 

बायका मनोऱ्यावर रांगेत. मी चढले, गुडघे बोंबलले, पण चढले. पोरानं टेलिस्कोप लावला आणि एकदम म्हणाला, "हळदीकुंकू आलंय बघा."

सगळ्या मागं वळल्या! पाटलीणबाई करंडा सावरून जिन्याकडं बघतायत, कोण आलं म्हणून. तो हसला. म्हणाला, "इकडं, पाण्यात. हळदीकुंकू बदक." अहो, नावच आहे त्याचं तसं! एकेकीनं डोळा लावला. मी बघितलंय, म्हणून सांगते. अंग तपकिरी, खवल्या-खवल्यांचं, इरकलीच्या जुनेरासारखं. चोच काळी. चोचीच्या टोकाला हळद, पिवळी धम्मक, जसं बोट बुडवलंय. आणि चोच कपाळाला मिळते ना, तिथं कुंकवाचे लाल ठिपके. पाणी पिऊन मान वर केली की चकाकतात. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "अगबाई, ही सुवासीण दिसते." पोरगा म्हणाला, "काकू, ती जोडी आहे. नर-मादी दोघांनाही असतं."

इकडं सगळ्या एकदम गप्प. आजी खालच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांना मेलं एरवी काही ऐकू येत नाही. त्या खालनं मोठ्यानं म्हणाल्या, "म्हंजी नवरा मेला तरी जात नसंल त्यांचं."

वहिनी, अहो, सुई पडली असती तरी आवाज आला असता. पोरगा काही बोलला नाही. टेलिस्कोप हलू नये म्हणून त्या चिमुरडीला शेजारी उभं केलं, खाली उतरला, सरळ चुलीपाशी. आम्ही वरून बघतोय. तो काहीतरी म्हणतोय, ती मान हलवतेय. मग त्यानं तिच्या हातातली काटवट काढून घेतली आणि दंडाला धरून वर आणलं. "जरा वाट द्या," म्हणाला. दिली आम्ही. हात कोपरापर्यंत बाजरीच्या पिठानं माखलेले, ते तिनं मागं धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. वाकली. डोळा लावला. किती वेळ! रांगेतली एकही म्हणाली नाही, आटपा म्हणून. मग म्हणाली, अगदी हळू, "आई गं. हिला खरंच लावलंय."

आता पुढचं ऐका, खरी बातमी तर इथं आहे. पाटलीणबाई शेजारीच. करंडा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. त्यांचा अंगठा कुंकवात गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तिथंच राहिला. उचलेचना. तर त्यांची पोरगी, एमएस्सी करते ना नाशकात, ती पुढं आली आणि आईच्या हातातून करंडाच घेतला. म्हणाली, "मावशी, लावू का?"

त्याची आई मागं सरली. "नको गं बाई, हाताला पीठ आहे."

पोरगी म्हणते कशी, "हाताला कुठं लावायचंय?"

आणि लावलं! हळद लावली, कुंकू लावलं, वर वाणाची पिशवीही दिली. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बिचारी तशीच उभी, हात मागं बांधलेले, डोळे गच्च मिटून, लहान पोरीला काजळ घालताना बसते ना, तशी. आणि पाटलीणबाई? तव्यावर विसरलेली भाकरी बघितलीय ना? तसं. कडेकडेनं करपत आत आलं. पण बोलल्या काही नाहीत. पैठणीचा पदर खांद्यावरून घेतला आणि उतरल्या खाली. आणि तो पोरगा? तो त्या पोरीकडं बघत होता. दुर्बिणीशिवाय! मी म्हटलं मनात, हं, इथं काहीतरी आहे. आणि ते आजचं नाही. नोव्हेंबरात कॉलेजचा ग्रुप घेऊन आली होती ना ही, पाणवनस्पतींच्या प्रोजेक्टला? चार रविवार! एवढ्या काय वनस्पती असतात हो?

मग ताटं धुवायला तो हौदाशी बसला तेव्हा विसळायला कोण बसलं, ते तुम्हीच ओळखा. मी नाही सांगत.

पुढचे आठ दिवस पाटलांच्या वाड्यात काय धुमसलं ते भिंतींना ठाऊक. आमच्या गडीमाणसाकडनं थोडं कळलं. पाटील म्हणाले म्हणे, पोराला शनिवार-रविवार आठ-आठ दिवस आधी बुकिंग असतं, पुण्या-मुंबईचे लोक त्याचंच नाव घेऊन येतात, आणखी काय पाहिजे? पाटलीणबाई म्हणाल्या, पण मार्च संपला की काय खाणार? पाखरं गेल्यावर? पोरगी आतनं म्हणाली, "मी मिळवते की." झालं! मग परवा निरोप गेला.

आणि त्याच्या आईनं काय उत्तर दिलं असेल? हेच तर सांगायला बोलावलं तुम्हाला. सेक्रेटरीची बायको गेली, चहा झाला, विषय काढला. ती आपली पाखडत होती, तूर. सूप काही खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मार्चअखेरपर्यंत पोराला सवड नाही. रोज माणसं येतात. पाखरं गेली की या."

पाखरं गेली की या! म्हणजे पाटलांच्या पोरीचं लग्न आता बदकांच्या तारखेनं! सेक्रेटरीची बायको म्हणते, मी उठताना मागं बघितलं तर सुपाचा आवाज एकदम...

थांबा थांबा, हळू. वळू नका एकदम. कोपऱ्यावर बघा, त्या बाभळीपाशी. पाटलीणबाईच ना? या वेळेला? आणि चालल्यात कुठं, देऊळ तर त्या अंगाला आहे... हा रस्ता पाण्याकडं जातो. मनोऱ्याकडं. हातात काय आहे हो, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. पिशवी? कसली? चित्र आहे का त्यावर, पाखराचं?

काय सांगता! वाणाचीच!